मायच्या ओव्या आणि लोणच्याची बरणी



गेल्या महिन्यात धनजहून एक पत्र आलं. धनज म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, कारंजा तालुक्यातलं. चार पानी पत्र, सुवाच्य अक्षर, पण शेवटच्या पानावर शाई दोन ठिकाणी फुटलेली. पत्र लिहिणाऱ्या बाईंच्या यजमानांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, घरात सासूबाई, दीर-जाऊ, मुलं असा भरला संसार आहे. नाव अर्थातच देत नाही. पण त्यांची अडचण तुमच्या-माझ्या घरात उद्या येऊ शकते, म्हणून आजचा सगळा मजकूर त्यांच्याच पत्रावर.

त्या लिहितात: "ताई, माझी माय मागच्या वर्षी श्रावणात गेली. तिला जात्यावरच्या ओव्या फार पाठ होत्या. ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या उशाशी बसून मी एकेक उतरवून घेतली, सापडेल त्या पाठकोऱ्या कागदावर. मग घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करत गेले. संक्रांतीपर्यंत ४१२ भरल्या. वर्षश्राद्धाला लहानशी पुस्तिका छापून नात्यातल्या बायांना वाटायची, असं मनात होतं. छापखान्यात द्यायची म्हणून परवा फाइल उघडली, तर आत माझ्या मुलीचा रजेचा अर्ज! माननीय मुख्याध्यापक यांस, सविनय विनंती, बारा ओळी. बस्स. मार्च महिन्यात तिला मराठीत अर्ज लिहायचा होता. माझ्या फाइलमध्ये मराठी अक्षर बरोबर उमटतं म्हणून तिनं तीच उघडली, सगळं पुसलं, अर्ज लिहिला, छापून घेतला आणि सेव्ह केलं. पोरगी रडून रडून अर्धी झाली, तिला काय बोलू? पण ताई, मी निष्काळजी नव्हते हो. पुतण्यानं सोय करून दिली होती. रोज रात्री नऊ वाजता फाइल आपोआप पेन ड्राइव्हवर उतरते, शिवाय गूगल ड्राइव्हवरही जाते. दोन्हीकडे पाहिलं. दोन्हीकडे रजेचा अर्जच! मी तर कॉपी ठेवली होती. मग असं कसं झालं?"

पत्र वाचून मी आधी फोनच केला, कारण अशा वेळी पत्रोत्तराची वाट पाहण्यात दिवस जातात आणि ते दिवस मोलाचे असतात. का, ते पुढे सांगते. आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर.

समजा, तुमच्याकडे लोणच्याच्या दोन बरण्या आहेत. एक स्वयंपाकघरात, एक माळ्यावर. तुम्ही नेम केला की रोज रात्री माळ्यावरची बरणी रिकामी करायची आणि स्वयंपाकघरातल्या बरणीत जे असेल तेच तीत भरायचं. मग एक दिवस खालच्या बरणीला कुणाचा ओला चमचा लागला. बुरशी धरली. रात्री नऊ वाजता ती बुरशी इमानेइतबारे माळ्यावर गेली! माळ्यावरची बरणी होती ना? होती. पण तीत कालचं लोणचं राहिलंच नाही.

पुतण्यानं करून दिलेली सोय ही अशी होती. यंत्र मोडलं, चोरीला गेलं, पावसात भिजलं, तर तिचा उपयोग होता. पण माणसाच्या हातून चूक झाली तर यंत्र ती चूकही तितक्याच तत्परतेनं उतरवून घेतं. त्याला काय कळतं की ओव्या कुठल्या आणि अर्ज कुठला! म्हणून नुसती प्रत पुरत नाही. कालची, परवाची, गेल्या महिन्यातली अशा मागच्या प्रतीही शिल्लक लागतात. वर्षावर्षाच्या बरण्या वेगळ्या आणि प्रत्येकीवर सालाची चिठ्ठी, तसं. कॉम्प्युटरवाले ह्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. आपण आवृत्त्या राखणं म्हणू.

आता फोन का केला ते. गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या फाइलवर नवी फाइल चढली, तरी जुनी लगेच नाहीशी होत नाही. फाइलवर उजवी कळ दाबली की तिच्या माहितीत 'मॅनेज व्हर्जन्स' असं येतं, तिथे मागच्या प्रती दिसतात. पण ३० दिवसच बरं का! किंवा शंभर नव्या प्रती होईपर्यंत. एखादी प्रत कायमची हवी असेल, तर तिथेच 'कीप फॉरेव्हर'वर खूण करावी लागते. टोपलीत टाकलेली फाइलसुद्धा ३० दिवसांनी जाते. वर्डची फाइल तिथे नुसती ठेवली असेल तर हा नियम. मुळात गूगल डॉक्समध्येच लिहिलं असेल, तर आधीचे बदल 'व्हर्जन हिस्टरी'त बघायला मिळतात, म्हणून तुमच्यापैकी ज्या तिथेच लिहितात त्यांनी आज एकदा ती जागा पाहून ठेवा. धनजच्या बाईंचं मात्र वर्डमध्ये होतं, आणि मार्चपासून श्रावणापर्यंत तीस दिवस किती वेळा उलटून गेले! तिथे काही मिळालं नाही.

मग मी विचारलं, "ही फाइल कधी कुणाला पाठवली होती का?" थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग एकदम, "अगं बाई! दिवाळीत बहिणीला!" दर्यापूरच्या धाकट्या बहिणीला त्यांनी दिवाळीच्या सुमारास व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली होती, 'बघ गं, एवढं झालं' म्हणून. बहिणीनं ती तेव्हाच उघडून फोनमध्ये उतरवून घेतली होती. तीत २६३ ओव्या होत्या. जुनी, अर्धवट प्रत. पण जुनी होती म्हणूनच वाचली. तिलाही रोज रात्री नऊला ताजी केली असती, तर तीही गेली असती.

राहिल्या १४९. पाठकोरे कागद टाइप होतील तसे टाकून दिलेले. (हे मात्र करत जाऊ नका. कागद जागा खातो हे खरं, पण त्याला 'सेव्ह' करावं लागत नाही.)

हा प्रसंग वाचून मला वऱ्हाडातलीच एक फार जुनी गोष्ट आठवली. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. नागदेवाचार्यांना आणि इतर ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना विचारविचारून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. मग काय केलं? ज्यांना ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या, आणि ग्रंथ परत उभा राहिला. ह्यात एक बाई होती, हिराइसा. ती एकपाठी होती, म्हणजे एकदा ऐकलं की पाठ, असं परंपरा सांगते. तिच्या नावाचा 'हिराइसापाठ' अभ्यासक आजही ओळखतात. वेगवेगळ्यांनी आठवून सांगितलं, त्यामुळे शब्दाशब्दात, लीळांच्या संख्येत फरक पडले आणि लीळाचरित्राचे अनेक पाठ झाले. ते पाठ एकात कालवून टाकले नाहीत, अमका पाठ अमक्याचा अशी ओळख राहिली, म्हणून आज ते शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता येतात.

मी हे फोनवर सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "कामरगावला मायची सख्खी बहीण आहे. मावशीला सगळ्या नाही, पण पुष्कळ येत असतील. दोघी एकाच जात्यावर बसत." म्हटलं, मग वाट कसली पाहता? उद्याच जा.

त्या जाताहेत तोवर आपण सोयीकडे वळू. म्हणजे पुढच्या खेपेला मावशी शोधायची वेळ यायला नको.

'गिट' नावाची एक प्रणाली आहे. फुकट मिळते. लिनस टोरवाल्ड्स ह्या गृहस्थांनी ती २००५ साली केली. लिनक्स ह्या प्रणालीवर जगभरची शेकडो माणसं एकाच वेळी काम करत; कुणी काय बदललं, कधी बदललं, चुकलं तर मागे कसं जायचं, ह्याचा हिशेब ठेवायला त्यांना साधन हवं होतं. पण घरातल्या एका वहीसाठीही ते तितकंच चालतं. फोल्डरला गिट लावलं, की तुम्ही सांगाल तेव्हा ते आतल्या फाइलींची त्या क्षणाची नोंद करून ठेवतं. ह्या नोंदीला 'कमिट' म्हणतात. नोंदीत तारीख, वेळ, करणाऱ्याचं नाव आणि एक ओळ तुमच्या शब्दांत. नवी नोंद जुनीवर चढत नाही, तिच्या पुढे जाऊन बसते.

ती एक ओळ आळस न करता लिहा. धनजच्या बाईंच्या तालुक्याच्या गावी, कारंज्याला, जैन मंदिरांमधून हस्तलिखितांचे मोठे भांडार आहेत. हिरालाल जैन, प. ल. वैद्य ह्यांच्यासारख्या विद्वानांनी गेल्या शतकात १९३०च्या सुमारास तिथल्या पोथ्यांच्या आधारे अपभ्रंश भाषेतले ग्रंथ प्रसिद्ध केले. अशा पोथ्यांच्या शेवटी नकलनविसानं बहुधा दोन ओळी लिहिलेल्या असतात: कोणत्या संवतात, कुठे, कुणासाठी ही प्रत केली. त्या दोन ओळींमुळे शेकडो वर्षांनी सुद्धा कुठली प्रत आधीची, कुठली नंतरची ते कळतं. कमिटची ओळ म्हणजे हेच.

आता हे आपोआप कसं व्हावं? रोज कुणाला आठवण राहते! सणवार आला, पाहुणे आले, की सगळं राहून जातं. घरात शिकणारा मुलगा, पुतण्या, भाचा, पुतणी कुणीतरी असेलच. त्याला समोर बसवा आणि हे वाचून दाखवा. आज्ञा इंग्रजीत द्यायच्या असतात, पण उच्चारावरून त्याला कळेल. एकदाच करायचं ते 'गिट इनिट'. मग तीन ओळींची एक लहान फाइल करायची: 'गिट ॲड', 'गिट कमिट', 'गिट पुश'. पहिली आज्ञा बदललेलं गोळा करते, दुसरी तारखेनिशी नोंद करते, तिसरी ती नोंद दुसऱ्या ठिकाणी पाठवते. ही फाइल विंडोजच्या 'टास्क शेड्युलर'मध्ये लावून द्यायची, म्हणजे रोज ठरल्या वेळी ती आपली आपण चालते. काही बदललंच नसेल, तर नवी नोंद होत नाही.

लाईन गेली तर? तुमच्याकडे ती जातेच. टास्क शेड्युलरमध्ये एक खूण करायची असते: वेळ चुकली तर यंत्र सुरू झाल्याबरोबर काम कर. ती खूण विसरू नका, मुलं नेमकी तीच विसरतात. इंटरनेट नसेल, तर नोंद घरच्या यंत्रात होते आणि पुढच्या खेपेला जोडणी मिळाली की मागचं सगळं एकदम पुढे जातं.

'पुश' कुठे करायचं? एक तर पेन ड्राइव्हवर गिटचीच एक प्रत करून ठेवता येते. दुसरं, गिटहबसारख्या ठिकाणी खातं काढून. तिथे 'प्रायव्हेट' हाच पर्याय निवडायचा. २०१९ पासून घरगुती कामापुरता तो फुकट मिळतो. 'पब्लिक' निवडलंत तर गावात दवंडी पिटल्यासारखं होईल. आणि हे नीट ऐका: बँकेचे पासवर्ड, आधार कार्डाची चित्रं असलं काही ह्या फोल्डरमध्ये ठेवू नका. कारण गिट विसरत नाही. आज चुकून पासवर्ड लिहिला आणि उद्या पुसला, तरी कालच्या नोंदीत तो तसाच असतो. जी गोष्ट ओव्यांसाठी वरदान, तीच पासवर्डासाठी संकट.

गिट साध्या मजकुरावर फार छान चालतं. म्हणजे नोटपॅडमधला मजकूर, 'यूटीएफ-८' पद्धतीनं सेव्ह केलेला, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटायची. मग कुठली ओळ गेली, कुठली आली, एखादा शब्द कुठे बदलला, हे ते ओळीओळीनं दाखवतं. वर्डची फाइल ते सांभाळतं, पण तिच्यात काय बदललं ते असं उलगडून दाखवत नाही. फोटो, लग्नाचं चित्रण, आवाजाच्या फाइली ह्यांना गिट लावू नका, फोल्डर फुगत जातो. त्यांच्यासाठी वेगळी बाहेरची डिस्क घ्या आणि महिन्यातून एकदा प्रत करून ती काढून कपाटात ठेवा. यंत्राला सतत जोडून ठेवलेली डिस्क वीज कडाडली की यंत्राबरोबरच जाते.

पीटर क्रोग ह्या अमेरिकन छायाचित्रकारानं ह्या बाबतीत एक नियम रूढ केला: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्याला घराबाहेरची जागा शोधायला नको. ती माहेरी ठेवा! दर दिवाळीला जाल तेव्हा जुनी डिस्क आणायची, नवी ठेवायची. भाऊबीजेला तेवढंच एक काम.

आणि प्रत उघडूनही पाहायची. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' ह्या चित्रपटाचं काम चालू होतं. कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. मोठी कंपनी, राखीव प्रतींची सोय होतीच. पण ती नीट चालत नव्हती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन ह्या बाईंमुळे. त्या तिथल्या तंत्रविभागातल्या वरिष्ठ. घरी तान्हं मूल होतं म्हणून त्या घरून काम करत आणि घरच्या यंत्रावर चित्रपटाची प्रत उतरवून घेत. ते यंत्र पांघरुणात गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून हळूहळू कंपनीत नेलं! बाळंतपणामुळे कामाचं नुकसान होतं असं म्हणणाऱ्यांना ही गोष्ट मी आवर्जून सांगते.

तेव्हा महिन्यातून एकदा, विजेचं बिल भरता त्याच दिवशी, एखादी जुनी प्रत काढून उघडून बघा. 'गिट लॉग' म्हटलं की नोंदींची यादी येते, 'गिट शो' म्हटलं की त्या दिवशीचा मजकूर. पुतण्यानं करून दिलं म्हणून तो घरी नसताना आपलं अडायला नको. ह्या दोन आज्ञा स्वतःच्या हातानं देऊन पाहा. कुकरची शिट्टी लावण्यापेक्षा अवघड नाहीत.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, सगळं मोबाईलवरच, त्यांनी गूगल डॉक्समध्ये लिहावं आणि दर दोन महिन्यांनी एक प्रत छापून घ्यावी. वर तारीख टाकावी. झालं.

आता धनजकडे. बाई कामरगावला जाऊन आल्या. एकदा नाही, चारदा. मावशींचं वय ऐंशीच्या घरात. नुसतं 'सांगा' म्हटलं की त्यांना आठवेना. मग सुनेनं माळ्यावरून जात्याची तळी काढून समोर ठेवली, मावशींनी तिच्यावर रिकामाच हात फिरवायला सुरुवात केली आणि ओव्या येऊ लागल्या. फोनवर आवाज भरून घेतला. आतापर्यंत ९४ झाल्या.

एक नवीच पंचाईत मात्र उभी राहिली, म्हणून परवा पुन्हा फोन आला. "ताई, मावशीच्या ओव्या मायच्यासारख्या नाहीत. बहिणीच्या फाइलमध्ये मायची एक ओवी आहे, तीत भाऊ दिवाळीला दमणीतून न्यायला येतो. मावशीच्या तोंडी तीच ओवी, पण भाऊ घोड्यावरून येतो. खरी कुठली धरू? पुस्तिकेत कुठली छापू?"

मी त्यांना हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन ह्यांच्या कामाबद्दल सांगितलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या कॉम्प्युटरवर नोंदवताना प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं आणि गावाचं नाव ठेवलं. २०१७ पासून 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या लोकांसमोर येताहेत, कितीतरी बायांच्या आवाजासकट. एकीची खरी, दुसरीची खोटी असा निवाडा तिथे केलेला नाही.

"दोन्ही ठेवा," म्हटलं, "मायची मायच्या नावानं, मावशीची मावशीच्या. आणि मायच्या जागी मावशीची लिहून मायची पुसू नका."

पुतण्यानं गिट लावून दिलंय. मुलीसाठी अर्जांचं वेगळं फोल्डर केलंय आणि मराठी अक्षराची सोय तिथेही करून ठेवलीय. रोज रात्री नऊची नोंद आपोआप होते, तिच्यावर नुसती तारीख असते. कामरगावहून आल्यावर मात्र बाई स्वतः कमिट करतात आणि स्वतःच्या शब्दांत ओळ लिहितात. गेल्या रविवारची ओळ त्यांनी मला वाचून दाखवली: "मावशीनं आज अकरा सांगितल्या. तीन मायच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या, पण ठेवल्या."

वर्षश्राद्ध तर होऊन गेलं. पुस्तिका आता दिवाळीत निघेल म्हणतात. मला एक प्रत पाठवणार आहेत.

पुढच्या आठवड्यात पत्रांचा साठलेला गठ्ठा काढायचा आहे. तुरीच्या डाळीत टोका होऊ नये म्हणून काय करावं, असं अनेकींनी विचारलंय. त्यावर बोलू.

तुमची,
ताई